रायफल पाठीवर नको

प्रश्न : मी भोरला राहतो, वय २०. दर शनिवार-रविवारी बालेवाडीला १० मीटर एअर रायफलच्या सरावाला जातो. आतापर्यंत मामांच्या कारमधून जायचो, पण त्यांची बदली झाली. आता घरातली १५० सीसीची मोटारसायकल एवढाच पर्याय आहे. रायफल सेकंडहँड घेतलेली, ॲल्युमिनियम स्टॉकची, म्हणजे दस्त्याची. सोबत ११८ सेंटिमीटरची कडक पेटी मिळाली आहे. मित्र म्हणतात, पाठीला लावायचे पट्टे असलेली मऊ बॅग घे आणि सुट. वडिलांना पोलिसांची काळजी वाटते. मला स्वतःला दोन शंका आहेत : उन्हात रायफलचा हवेचा सिलिंडर फुटेल का? आणि खड्ड्यांनी झीरो, म्हणजे साइटवर जुळवलेला नेम, हलेल का?
– अ. शि., भोर

उत्तर : पोलीस, सिलिंडर आणि झीरो या तिन्ही गोष्टी सांभाळता येण्यासारख्या आहेत. खरा धोका आहे तो मित्रांच्या सल्ल्यात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बसलेल्या माणसाची सीटपासून डोक्यापर्यंतची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास असते. पूर्ण लांबीची रायफल मावणारी बॅग ११० ते ११५ सेंटिमीटरची. ती पाठीला लावून बसलात की खालचं टोक सीटवर टेकतं आणि वरचं टोक हेल्मेटच्याही वर जातं. हेल्मेटची मागची बाजू बॅगेला अडते, त्यामुळे मान वर करता येत नाही आणि मागे वळून पाहताना खांद्यासकट वळावं लागतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना लेन बदलायची वेळ आली, की हे अडणं नेमकं नडतं. डोक्यावर आलेलं टोक वाराही धरतं. शेजारून ट्रक गेला की खांदे ओढले जातात आणि त्यांच्याबरोबर हँडलही. पण हे सगळं एकवेळ चालवून घेता येईल. पडलात तर काय? बॅग मऊ असते, आतली साडेपाच किलोपर्यंतची धातूची वस्तू मऊ नसते. ती बरोबर मणक्यालगत, मानेपासून कंबरेपर्यंत असते आणि तुम्ही तिच्यावर पाठीनं आपटता. मऊ बॅग रेंजच्या पार्किंगपासून लेनपर्यंत न्यायला उत्तम आहे, हायवेसाठी नाही. मागे बसणाऱ्याच्या पाठीवर दिली तरी धोका तोच राहतो, फक्त माणूस बदलतो.

पेटी आडवी बांधू नका, हेही आत्ताच सांगतो. हँडल ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असतं. हँडल जिथून जाईल तिथून आपण जाऊ, असा चालवणाऱ्याचा अंदाज असतो. ११८ ची पेटी आडवी असली की दोन्ही बाजूंना वीसेक सेंटिमीटर बाहेर येते आणि ते चालवताना दिसतही नाही. स्कूटर असती तर फूटबोर्डवर उभी धरून न्यायचा मोह झाला असता. तिथे ती हँडल वळू देत नाही, म्हणून तोही प्रकार नको.

उरते ती एकच जागा : मागची सीट आणि कॅरिअर यांच्यावर, गाडीच्या लांबीला धरून. म्हणजे सरावाच्या दिवशी तुम्ही एकटेच जाणार, हे घरी आधीच सांगून ठेवा.

त्यासाठी पेटी आधी आखूड करावी लागेल. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे एअर रायफलची सिस्टिम, म्हणजे ॲक्शनच्या (गोळी सोडणाऱ्या यंत्रणेच्या) मागच्या टोकापासून नळीच्या दर्शनी टोकापर्यंतचा भाग, ८५० मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. बाकीची लांबी येते ती बटाकडच्या भागामुळे. ॲल्युमिनियम स्टॉकमध्ये बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, आणि तिचा सांगाडा एका-दोन दांड्यांवर सरकतो. ॲलन की लावून क्लॅम्प सैल केला की तो अख्खा मागे निघतो. तो काढला की आतून ९० ते ९५ सेंटिमीटर लांबीची पेटी पुरते. रायफलची खास पेटी घ्यायची नसेल तर बाजारात कीबोर्ड वाजवणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या पेट्या पाहा. या मापाच्या मिळतात आणि बाहेरून बंदुकीसारख्या दिसत नाहीत, हा जास्तीचा फायदा.

बटप्लेट काढण्याला बरेच नेमबाज घाबरतात, आणि भीती खोटीही नाही. लांबीत मिलिमीटरचा फरक पडला तरी गालाची जागा आणि डोळ्याचं अंतर बदलतं. उपाय साधा आहे. सध्या जी मापं जमली आहेत तिथे, क्लॅम्पच्या अगदी कडेला, दांडीवर एक स्टॉप कॉलर बसवून घ्या. कॉलर म्हणजे स्क्रूनं आवळायची धातूची कडी. लेथवाला दांडीच्या व्यासाप्रमाणे करून देतो. मग दर वेळी दांडी कॉलर अडेपर्यंत आत सारायची आणि क्लॅम्प आवळायचा, मोजणी करावी लागत नाही. उंची, तिरकेपणा आणि बटप्लेटचा कोन यांचे स्क्रू अजिबात हलवायचे नाहीत. त्यांच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत पेंट मार्करची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. गालपट्टी, पकड आणि नळीवरची वजनं यांनाही अशीच रेघ हवी, कारण इंजिनाच्या थरथरीनं पहिल्यांदा सुटतात ते हेच स्क्रू. ॲक्शन मात्र स्टॉकमधून काढू नका. तेवढ्यानं लांबी काही वाचत नाही आणि बसवताना आवळण्यात फरक पडला तर नसता घोळ होतो.

पेटीतला फोम अंड्याच्या ट्रेसारखा खाचाखाचांचा असेल तर बदला. तो हातानं दाबला की सपाट होतो, खड्ड्यात तसाच होतो, आणि मग रायफल थेट पेटीच्या भिंतीवर आपटते. पांढरा किंवा काळा पीई फोम घ्या, ५० मिलिमीटर जाडीचा, आणि रायफलची रूपरेषा कापून घ्या. फोमनं वजन पेलावं ते स्टॉकवर आणि ॲक्शनवर. पुढच्या साइटचा टनेल (तिचं गोल नळकांडं) आणि कॉकिंग लीव्हर (रायफल भरताना ओढायची दांडी) यांच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा. झाकण मिटताना त्यांच्यावर दाब येता कामा नये.

आता बांधणी. सीट आणि कॅरिअर एका पातळीत नसतात, म्हणून त्यांच्यावर १२ मिलिमीटर मरीन प्लायची ९० बाय २८ सेंटिमीटरची फळी टाका. कॅरिअरच्या बाजूला खाली रबराचे ठोकळे देऊन ती समतल करा आणि कॅरिअरला यू-क्लॅम्पनं पक्की करा. वर रबर शीट चिकटवली की पेटी घसरत नाही. पेटीत रायफलचा बटाकडचा भाग पुढे, म्हणजे तुमच्या पाठीकडे येईल असा ठेवा. जड भाग ॲक्शनचा आहे; तो मागच्या ॲक्सलच्या पुढे राहिला तर पुढचं चाक हलकं होत नाही. पेटीचं मागचं टोक तीसेक सेंटिमीटर बाहेर राहील. टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकले जात नाहीत ना, हे गाडीमागे उभं राहून कुणाला तरी पाहायला सांगा आणि टोकाला लाल फडकं बांधा.

पट्टे २५ मिलिमीटरचे, कॅम बकलवाले, पॉलिस्टरचे घ्या. नायलॉन भिजलं की ताणतं, आणि भोरहून निघताना आवळलेला पट्टा खेड शिवापूरला ढिला होतो. रॅचेट पट्टे ट्रकच्या कामाचे. त्यांनी पेटी चेपते. हूकवाली रबरी दोरी तर नकोच. खड्ड्यात ती वजनाबरोबर ताणते आणि हूक सुटतो. सुटलेल्या हूकनं डोळे गेलेले आहेत. दोन पट्टे पेटीवरून आडवे, पण तेवढ्यानं भागत नाही. ब्रेक दाबला की पेटी पुढे सरकते आणि कंबरेत बसते, म्हणून तिसरा पट्टा लांबीला घ्या. तो पेटीच्या पुढच्या तोंडावरून फिरवून मागे कॅरिअरला आणा. बांधायचं ते फक्त लोखंडाला : मागचा धरायचा दांडा, कॅरिअर आणि डावीकडे साडी गार्डचे बोल्ट. प्लॅस्टिकचा मडगार्ड, इंडिकेटरची दांडी, नंबरप्लेटची पट्टी हे आधार नव्हेत. उजवीकडे सायलेन्सरपासून पट्टा वीतभर लांब हवा, कारण पॉलिस्टर वितळतं. आणि पट्ट्यांची उरलेली शेपटं गुंडाळून टेपनं चिकटवा. सगळ्यात वाईट अपघात त्यांच्यामुळे होतो, शेपूट चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं की चाक जागीच जाम होतं.

बांधून झालं की पेटी धरून हलवा. पेटीबरोबर गाडी हलली पाहिजे. पेटी एकटी हलली तर पुन्हा बांधा. मग कापूरहोळला हायवेवर चढण्याआधी एकदा थांबून पट्टे आवळा, आणि खेड शिवापूरच्या टोलनंतर आणखी एकदा.

जॅकेट, पँट आणि बूट यांचं वजनही चार-पाच किलो होतं. ते पेटीवर रचू नका, बांधणीचा डोलारा होतो. डाव्या बाजूच्या सॅडलबॅगेत ठेवा. कॅनव्हासचं जॅकेट घडी न घालता सैल गुंडाळा. घडीच्या जागी मोडलेलं जॅकेट पाठीला आधार देत नाही.

झीरोबद्दल. नीट बांधलेल्या पेटीत नळी आणि ॲक्शनला काही होत नाही. हलतं ते डायऑप्टर, म्हणजे मागची साइट, आणि बहुतेक वेळा तीही थरथरीनं नव्हे तर झाकणाच्या दाबानं. म्हणून ती काढून, स्वतंत्र छोट्या डबीत, अंगावरच्या सॅकमध्ये ठेवा. काढण्याआधी दोन कामं करायची : ११ मिलिमीटरच्या डव्हटेल रेलवर साइटच्या पुढच्या कडेला बारीक खूण, आणि दोन्ही नॉबच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो. बसवताना दर वेळी तीच की आणि तेवढाच जोर. एवढं केलं तरी एक-दोन क्लिकचा, म्हणजे नॉबच्या टप्प्यांचा, फरक येऊ शकतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर आहे, तिथे एवढं होणारच. स्पर्धेत तयारी आणि साइटिंगला १५ मिनिटं मिळतात ती त्यासाठीच. पहिल्या पाच गोळ्यांचा गट पाहा, मगच नॉबला हात लावा. एका गोळीवरून क्लिक फिरवत बसलात तर पंधरा मिनिटं त्यातच जातात. गट एका जागी न पडता पसरला असेल तर दोष डायऑप्टरच्या जागेत नाही. तेव्हा रेघा तपासा, कुठला तरी स्क्रू सैल झालेला असेल.

गोळ्यांचा डबा लोक विसरतात. ५०० गोळ्यांच्या डब्यातून शंभर-सव्वाशे वापरल्या की उरलेल्या आत खुळखुळतात. शिसं मऊ, त्यात गोळीचा मागचा स्कर्ट कागदासारखा पातळ. तास-दीड तासाच्या थरथरीत स्कर्ट चेपतात, डब्याच्या तळाशी काळी भुकटी जमते आणि रेंजवर अधूनमधून एखादी गोळी विनाकारण आठच्या वर्तुळात जाते. झाकणाच्या मापाची फोमची चकती कापा आणि गोळ्यांवर हलकी बसेल अशी आत ठेवा. गोळ्या कमी होतील तशी दुसरी चकती घाला. स्पर्धेच्या गोळ्या खाचांच्या ट्रेमध्ये येतात, त्या ट्रेमध्येच राहू द्या.

सिलिंडर. निघण्यापूर्वी तो रायफलपासून सोडवा. त्याचा स्वतःचा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे हातानं फिरवून निघतो. शेवटच्या आट्यांना थोडी हवा फुसकते ते ठीक. मग रायफल सुरक्षित दिशेला धरून, गोळी न भरता, रेग्युलेटरमधली (हवेचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागातली) उरलेली हवा संपेपर्यंत ट्रिगर ओढा. रेंजवर हे फायरिंग लाइनवरच करायचं, पार्किंगमध्ये नाही. शेवटी सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी, दोरी नळीतून आरपार. सिलिंडरला धुळीची टोपी लावून, कापडात गुंडाळून तो पेटीतच वेगळ्या खाचेत ठेवा. आटे आणि सील यांना कण लागला की गळती सुरू होते.

फुटण्याची भीती किती? गणित करून पाहू. २५ अंशाला २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर उन्हातल्या काळ्या पेटीत ६० अंशापर्यंत तापला, तर दाब २२३ बारच्या आसपास जातो. सिलिंडरची चाचणी त्याहून बऱ्याच जास्त दाबाला झालेली असते आणि तो आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. म्हणजे धडधाकट सिलिंडर फुटत नाही, पण सीलना ती उष्णता मानवत नाही. घरून निघताना भरून घेण्यात तसाही अर्थ नाही; १०० ते १२० बार असेल तर तसाच न्या, रेंजवर भरा. पूर्ण रिकामाही करू नका. पेटी उन्हात ठेवून चहाला जाऊ नका, हे उष्णतेसाठी आणि चोरीसाठीही. भरायचा मोठा स्कूबा टँक मोटारसायकलवरून कधीही नेऊ नका. तो बारा-पंधरा किलोचा असतो आणि पडून व्हॉल्व्ह तुटला तर अग्निबाणासारखा सुटतो.

तुमची रायफल सेकंडहँड आहे, म्हणून एक गोष्ट आजच पाहा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. एअर रायफलच्या सिलिंडरची मुदत साधारण १० वर्षं धरतात, आणि तो मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी नियमानं खेळाडूची आहे. मुदत संपली असेल तर प्रवासाचा प्रश्नच उरत नाही. आधी नवा सिलिंडर.

आता वडिलांची काळजी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ कॅलिबरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पण नाक्यावरच्या हवालदाराला पेटी उघडून ज्यूल दिसत नाहीत, बंदूक दिसते. म्हणून खरेदीची पावती, संघटनेचं किंवा रेंजचं ओळखपत्र आणि प्रशिक्षकाचं तारखेसह पत्र हे तीन कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, पेटीत नव्हे तर खिशात ठेवा. सेकंडहँड असल्यामुळे पहिल्या मालकाकडून सीरियल नंबरसह विक्रीचं पत्र लिहून घ्या, नसेल घेतलं तर. थांबवलं तर इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि पेटीला हात लावण्याआधी सांगा, ‘साहेब, नेमबाजीची एअर रायफल आहे, सरावाला चाललोय, कागद खिशात आहेत.’ उघडायला सांगितलं तरच उघडा, आणि रस्त्याच्या कडेला जमिनीवर पेटी ठेवून. फ्लॅग लावलेला आणि सिलिंडर वेगळा दिसला की निम्मं बोलणं तिथेच संपतं.

गणेशोत्सव, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली शस्त्रं बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. तेव्हा ‘परवाना लागत नाही’ या मुद्द्यावर वाद घालू नका. त्या दिवसांत भोर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, सराव किंवा स्पर्धेचं पत्र दाखवा. नाहीच जमलं तर रायफल रेंजच्या लॉकरमध्ये ठेवून या. आमचं मत विचाराल तर लॉकर मिळत असेल तर तो कायमचाच घ्या. दर आठवड्याला रायफल घरी आणून ड्राय फायरिंग (गोळी न भरता सराव) करणार असाल तरच तिची ने-आण करण्यात अर्थ आहे.

पुढे ०.२२ कॅलिबरच्या, काडतुसाच्या रायफलकडे वळलात तर यातलं निम्मं लागू राहणार नाही. ती परवान्याची बंदूक आहे : मूळ परवाना सोबत, तो कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे ते पाहून, बोल्ट काढून वेगळा, काडतुसं वेगळी आणि कुलूपबंद, आणि क्षणभरही नजरेआड नाही. चहाला थांबणंसुद्धा त्यात बसत नाही. असा प्रवास कारनं करावा.

पावसाळ्याचं वेगळं पाहावं लागेल. पेटीला वरून रेनकव्हर लावलं तरी चाकाचं पाणी खालून येतं, म्हणून रायफल आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि सोबत ५०-१०० ग्रॅम सिलिका जेल. पोहोचल्यावर पेटी लगेच उघडा आणि फोम ओला लागला तर रायफल बाहेर काढून ठेवा. ओल्या फोममध्ये रात्रभर राहिलेल्या नळीवर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. बाहेरच्या लोखंडावरून तेलाचं फडकं फिरवा, पण नळीत आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी तेलाचा थेंबही नको. दाबाखालच्या हवेला खनिज तेल चालत नाही. धो-धो पावसात मात्र हे सगळं करत बसण्यापेक्षा भोर–स्वारगेट एसटी घ्या. ९५ सेंटिमीटरची पेटी दोन गुडघ्यांमध्ये उभी राहते, डिकीत टाकायची गरज नाही, आणि स्वारगेटहून बालेवाडीला पीएमपी आहेच.